काणाडोळा

मागच्या गल्लीतून कुणीतरी सायकल नेली,
कुलूप तेवढं ठेवून गेला, पायरीवर, व्यवस्थित.
हॅलिफॅक्सचा पोलीस फोनवर गोड बोलला, एक क्रमांक दिला.
हेप्वर्थबाई म्हणाल्या, दाराला ती बेल लाव ना,
आमच्या ओळीत सगळ्यांकडे आहे, चित्रं आपोआप वर जातात.
वर म्हणजे कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं.
मला होतं. म्हणून नको म्हटलं.

म्हणून हा बोर्ड. पत्त्यांच्या कॅटाएवढा,
मीटरच्या कपाटात, हूवर आणि बर्फावर टाकायच्या मिठाच्या पिशवीमध्ये.
त्यावर कंटेनर चालवायचा. तू विचारलंस, म्हणजे?
म्हटलं, डबा. आत भाजी-पोळी-लोणचं सगळं भरून येतं,
कुठल्याही ओट्यावर उघडावा.

कुठल्याही नाही, हे रात्री साडेअकराला कळलं.
डबा दुसऱ्याच घराण्याच्या चिपसाठी भरलेला.
आमच्या एआरएमने एकच ओळ लिहिली,
एक्झेक फॉरमॅट एरर,
आणि तोंड मिटलं,
पहिल्या आठवड्यात खाटकाने मला ‘लव्ह’ म्हटलं
तेव्हा मी मिटलं होतं तसं.

योग्य टॅग सापडला. उठला. पुन्हा पडला.
शेअर्ड मेमरी चौसष्ट एमबी, पुरेना. दोनशे छप्पन्न दिली.
एकोणऐंशी डिग्री. छोटा पंखा बसवला, तो डासासारखा गातो.
आणि पहाटे दोनला आपली गल्ली स्क्रीनवर आली,
राखाडी, ओल्या फरश्या, कचऱ्याचे तीन डबे,
त्यातल्या मधल्याभोवती हिरवी चौकट:
माणूस, बासष्ट टक्के.

हसलो आपण. तुझी सुट्टी होती त्या रात्री.

उंबरठा वाढवून पंचाहत्तरवर नेला.
कोल्ह्याला तो कुत्रा म्हणतो. म्हणू दे,
त्याला शिकवलेल्या यादीत कोल्हाच नाही.
सायकलचोर काही परत आला नाही,
पण डोळ्यात तेल घालून बसलेल्याला काहीतरी दिसणारच.

डिसेंबर. सकाळचे पावणेआठ, तरी अंधार.
गाडी, एक्क्याण्णव टक्के.
मग बराच वेळ काही नाही.
मग माणूस, अठ्ठ्याऐंशी.
सोमवारी मधे अकरा मिनिटं. मंगळवारी चौदा.
बुधवारी सव्वीस.
दिवे बंद, वायपर बंद, फोनचा उजेडही नाही,
फक्त स्टिअरिंगवर दोन हात
आणि काच हळूहळू आतून धुरकट होत गेलेली.
बुधवारी आत येऊन म्हणालास, ट्रॅफिक होतं.
मी म्हटलं, उपमा गरम करते.

वृद्धाश्रमात रात्री काय होतं, मी विचारलं नाही.
रेकॉर्डिंगला आवाज नसतो, तो मीच बंद ठेवलाय.
झालंही नसेल काही.
दोन घरांच्या मधे माणसाला
थोडी जागा लागत असेल, एवढंच.

त्या दुपारी तू झोपलेला असताना
फाइल उघडली, चार कोपरे मोजून मास्क टाकला.
पण तो फक्त हालचाल विसरतो,
चित्र उरतंच.
म्हणून थेट कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरले,
पासवर्ड दोनदा चुकला,
आणि आपल्या गाडीच्या जागेवर
एक काळा चौकोन ओढला. जरा मोठाच,
हेप्वर्थबाईंच्या कुंड्याही त्यात गेल्या.

जुनं सगळं सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं.
मी सात दिवस थांबले नाही.

आता तिथून कुणी गाडी ढकलत नेली
तरी बोर्डाला पत्ता लागणार नाही. विमा आहे.

सकाळी स्वयंपाकघरातून इंजिन बंद झालेलं ऐकते
आणि चहाचं आधण
लगेच ठेवत नाही.